ठमीची साखर

३ फेब्रुवारी

ठमीला मधुमेह! आणि हे मी म्हणतोय, डॉक्टरीणबाई नाहीत. त्या म्हणतात, "बघू." मांजराची दाढ काढायची, म्हणून भूल देण्याआधी रक्त तपासलं, तर साखर २८६. दीडशेच्या आत हवी, रिपोर्टवरच छापलंय. त्यावर बाई काय म्हणाव्यात? "काका, मांजरं घाबरली की साखर चढते. एका आकड्यावर निदान नाही करत." आणखी एक तपासणी पाठवली आहे, फ्रुक्टोसामाइन नावाची. गेल्या दोन-तीन आठवड्यांच्या साखरेचा अंदाज त्यात येतो, घटकाभराच्या भीतीने तो आकडा हलत नाही म्हणे. तोवर दाढ लांबणीवर.

मी वजनकाटे दुरुस्त करतो. कुणी शिकवलं नाही, उघडून उघडून शिकलो. आकडा आवडला नाही म्हणून "बघू" म्हणायची सोय माझ्या धंद्यात नाही.

५ फेब्रुवारी

साखर मोजायचं यंत्र आणलं. मांजराच्या कानाच्या कडेला टोचून थेंब काढतात — वाचलं, व्हिडिओ पाहिले, जमलं! टॉवेलात घट्ट गुंडाळली, मान बगलेत. ओरबाडलं मेलीने. २७१. यंत्रसुद्धा आधी त्याच्यासोबत आलेल्या चाचणीच्या द्रावणावर तपासून घेतलं होतं, अचूक. दवाखान्यात घाबरली असेल, मान्य. घरात कसली भीती?

ही म्हणाली, "अहो, जरा सैल धरा, श्वास तरी घेऊ द्या तिला." म्हटलं, तुला यातलं काय कळतं? मग गप्प बसली. हल्ली गप्पच बसते.

६ फेब्रुवारी

२९४.

८ फेब्रुवारी

एका दुकानदाराची तक्रार — नवा काटा वजन जास्त दाखवतो, गिऱ्हाइकं भांडतात. जाऊन पाहिलं. शेजारचं पोतं पारड्यावर रेललेलं! "काटा निर्दोष आहे शेठ, पोतं हलवा." तोंड बघण्यासारखं झालं त्याचं.

घरी रंगवून सांगितलं. कुणी हसलं नाही. ठमी कपाटावर चढून बसली आहे, उतरायचं नाव नाही.

१० फेब्रुवारी

फ्रुक्टोसामाइन नॉर्मल! बाईंचा फोन. "मधुमेह नाही, काका. सुटलात." मी घरचे आकडे वाचून दाखवले. म्हणाल्या, "मग ती घरीसुद्धा घाबरत असेल." माझ्या घरात! लॅबवाल्यांनी नमुने अदलाबदल केले असणार, दुसरं काय? म्हटलं, इन्सुलिन लिहून द्या. नाही म्हणाल्या. "साखर मुळात बरोबर असताना इंजेक्शन दिलंत, तर मांजर हातचं जाईल."

मेहुण्याला मधुमेह आहे, त्याच्याकडून बाटली आणली. फ्रिजमध्ये ठेवत होतो, तर मुलगी आडवी आली. "बाबा, हात लावायचा नाही ठमीला." नोकरी लागल्यापासून शिंगं फुटली आहेत. उद्या सकाळी पहिला डोस. मात्रा वजनावरून काढली आहे. "वजनात मी चुकत नाही," दोघींना सुनावलं.

११ फेब्रुवारी

सकाळी बाटली गायब. दोघी तोंडाला कुलूप लावून बसलेल्या. घर डोक्यावर घेतलं, आणि न खाता दुकानात आलो.

दुपारी मुलीने फोटो पाठवला. माझंच यंत्र, ११२. खाली लिहिलंय — "आईच्या मांडीवर होती, अर्धवट झोपेत. बाटली मी फेकली."

पट्ट्या जुन्या असतील. नाही — परवाच डबी फोडली. "परत घे," म्हणून कळवलं. १०८.

संध्याकाळी स्वतः मोजली. यावेळी टॉवेल नाही, ओरडणं नाही, अगदी सैल धरली. २६३.

तेच यंत्र. तीच डबी. तेच मांजर.

१३ फेब्रुवारी

दुकान लवकर बंद केलं. दाराबाहेर उभा होतो. आत ही कुणाची तरी नक्कल करत होती — "वजनात मी चुकत नाही!" — हुबेहूब. ही नकला करते, मला ठाऊकच नव्हतं. मुलगी हसून हसून बेजार, मधूनच ठमीचं म्यांव.

कुलपाला किल्ली लावली. तिघीही गप्प झाल्या.