छावणीतल्या मांजरीचं मागलं अंग

होळी, सोमवार
मोळी टाकताना खाली बघावं, येवढं बी कळत न्हाई का ह्या लोकास्नी? चारा छावणी दूध संस्थेची, ट्रॅक्टर संस्थेचा, अन् डोळे कुणालाच न्हाईत. उसाच्या वाढ्याची मोळी वरनं फेकली ती नीट मांजरीच्या पिलावर. कुणी फेकली ईचारलं तर समदे एकमेकाच्या तोंडाकडं बघायले.
आमचा म्हातारा दोन गाया अन् म्हैस घिऊन छावणीतच ऱ्हातो. त्याची भाकरी घिऊन मी गेलते. पिलू पुढच्या पायांवर सरकायलं, मागलं अंग वल्या पोत्यावानी फरफटत. म्हातारा म्हनला, "घरी ने हिला. हितं गुरं तुडवतील."
"अन् घरी निऊन काय करू, आरती ओवाळू?"
आणली पदरात. बशीतलं दूध पिली. तोंड शाबूत हाय.

धुळवड, मंगळवार
नणंद कासाबाई धारूरहून सणाला आलीय. ईळा चुलीत घालून लाल केला अन् म्हनती, "वैनी, कंबरंवर एक डाग दिऊ. बैलाला देतेत की."
मी म्हनलं, "आधी तुमच्या गुडघ्याला दिऊ. लई दुखतो म्हनता ना."
ईळा ठिवला.
मी माझा इलाज केला. चाऱ्यावाचून बसलेली गाय उठंना झाली की पोटाखालून पोतं घालून आढ्याला टांगत्यात, मंग पायात बळ येतं. तसंच. सूनबाईची जुनी ओढणी पोटाखालून घेतली अन् खाटंला टांगली. लई वरडायली. म्हनलं, औषिद कडूच आसतं.

बुधवार
टोपल्यात घालून छावणीत नेली. गुरांचा डाक्टर बुधवारी नेकनूरहून येतो. पोरगेला हाय, पर हात हळू. मागच्या बोटाला चिमटा घेतला तशी पिलानं मान वळवून त्याला चावलंच. तो हासला. "लई बरं झालं आजी. दुखतंय म्हंजी आतली नस तुटली न्हाई."
मंग मी ओढणीचं सांगितलं. हासणं गेलं.
"टांगली? अहो, मणक्याला मार हाय! बसलेल्या गाईचा मणका धड आसतो. हिला आता हलवायचं बी न्हाई."
म्हातारा माझ्याकडं बघायला. मी वर सावलीच्या जाळीकडं.
अरुंद खोक्यात ठिवायची. फिरणं न्हाई, उडी न्हाई. सुई दिली. माणसाची गोळी द्यायची न्हाई म्हनला. अन् ती आपली आपून मुतत न्हाई तवर पोट दोन्ही बाजूनं धरून, हळू दाबून काढायचं. दाखवलं. जनमभर धारा काढल्या, पर हितं जोर चालत न्हाई.
निघताना म्हनला, "पुढच्या बुधवारी बघू. तवर आपून मुतली न्हाई तर तिचे हाल करण्यात अर्थ न्हाई. सुई दिऊन कायमची झोपवावी लागंल."
म्हातारा गाईला पाणी पाजायला गेला. गाईनं आत्ताच पिलतं.

रंगपंचमी, शनिवार
टँकर आला. चिंध्या धुवायला तांब्याभर घेतलं तर सूनबाईचं तोंड सुटलं. "आत्याबाई, माणसं आंघोळीवाचून बसलेत अन् तुमी मांजरीचं मूत धुता."
"माझ्या आंघोळीचं हाय. तुझ्या न्हाई."
दुपारी बघते तर हीच खोक्यात चिंधी बदलायली, "मने, मने" करायली. मला बघून म्हनली, वास यायला म्हनून. हं.
म्हाताऱ्याचा फोन. "मुतली का?" येवढंच. बायकू जित्ती हाय का, ते न्हाई ईचारलं.

मंगळवार
उद्या डाक्टर. दाबल्याबिगर थेंब न्हाई.
खाती, बघती, हात चाटती. मागलं अंग हाय तसंच. भाकर गेली न्हाई मला. उन्हानं आसंल.
उद्या टोपलं घिऊन कुणी जायाचं ते सूनबाईनं ईचारलं न्हाई. मी बी न्हाई.

बुधवार
मुतली.
टोपल्यात घालायला मांडीवर घेतली, तर मांडीला ऊन ऊन वलं लागलं. माझे दोन्ही हात टोपल्याला व्हते, दाबलं कुणीच न्हवतं. सूनबाईला हाक मारली. ती म्हनती, "आत्याबाई, लुगडं तरी बदला."
म्हनलं, "थांब गं जरा."
तशीच गेले छावणीत. म्हाताऱ्याला सांगितलं तर हा समद्या छावणीला वरडून सांगायला, "मुतली! मुतली!" पलीकडून कुणीतरी ईचारलं, "कोन, म्हैस का?"
डाक्टरनं सुई काढलीच न्हाई. म्हनला, आता पोटाखालून फडकं घिऊन रोज जरा चालवा.
मी म्हनलं, "मंग मी काय येगळं केलतं?"
"आजी, पाय जमिनीला टेकवायचे. झोका न्हाई द्यायचा."

पाडवा, मंगळवार
गुढी उभारली. गाठी सूनबाईनं आणल्या. दोघीनं ओढणी धरून अंगणात चालवली. उजवा पाय नीट टेकवला! डावा उलटा पडतो, पंजाची पाठ खाली. फिरवून ठिवावा लागतो.
कासाबाईचा फोन. नारायणगडाला नारळ बोलली व्हती म्हनं, म्हनून झालं. बोला बाई. डागापरीस नारळ बरा.

हनुमान जयंती, मंगळवार
ओढणी सोडली. चार पावलं गेली, कलंडली. दारू पिल्यावानी चालती. मी उठले तर सूनबाईनं हात धरला. "ऱ्हाऊ द्या. आपून उठंल."
उठली. माझ्याकडं बघितलं बी न्हाई, तोऱ्याची.
आज झोप चांगली लागंल.

आखितीज, शुक्रवार
म्हातारा आंघोळीला अन् आमरसाला घरी आला. हातात रिकामं टोपलं. म्हनतो, उंदरं पेंडीची पोती फोडायलीत, मनीला नेतो, छावणी तिचं घर हाय. त्यो बी मनीच म्हनायला आता. सूनबाई आडवी आली. "मामंजी, डावा पाय वळतोय आजून. गुरं आली तर पळंल का?" डाक्टरला फोन लावला. पळंल, उडी मारंल का ते आत्ताच सांगता येणार न्हाई म्हनला. शिकून हेच.
दोघंबी मलाच ईचारायले. मला काय ठावं?
मनी उंबऱ्यावर पुढचे दोन पाय ठिवून बाहेर बघायली. उजवा मागचा वर घेतलाय. डावा आत.
दोघास्नी सांगितलं, टोपलं खाली ठिवा अन् कडंला बसा. कुणी उचलायची न्हाई, कुणी ढकलायची न्हाई. जवाब तिनं द्यायचा.