ऑर्किडला बांबूचा नियम

२० नोव्हेंबर १९८५, आलापल्ली
आजपासून रोज लिहायचं. विषय एकच, जमीलाने दिलेली ऑर्किड.

जमीला माझी कॉन्व्हेंटमधली मैत्रीण. आता चंद्रपूरला असते. जूनमध्ये तिने आपल्या मोठ्या झाडाचा एक भाग काढला, कोळसे भरलेल्या कुंडीत लावला आणि एस.टी.त मांडीवर धरून आणला. पाच कांड्या. बोटाएवढ्या जाड, पेरंपेरं असलेल्या. अगदी लहानसा बांबूच. तिच्या झाडाला दर मार्चमध्ये जांभळी फुलं येतात. कुंडीतली माझी पोर अजून लहान आहे, पण मी तिला जमीलाच्या झाडापेक्षा जास्त फुलवणार.

कारण आहे. सातवीत असताना नाताळच्या सुट्टीत जमीलाने तिचं जिरॅनियम माझ्याकडे सोपवलं होतं. ते गेलं. तेव्हापासून चाळीस वर्षं ती सांगते की माझ्या हाताला झाड लागत नाही. त्या वर्षी थंडी फार होती, हे ती विसरते.

झाडासोबत तिची एक चिठ्ठीही आहे. काय करायचं, काय नाही. ती मी प्रार्थनेच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवली. वाचायची गरज नाही. नेचर स्टडीत सिस्टर अगाथांनी मला रिबन दिली होती. वाळलेली पानं वहीत नीट चिकटवल्याबद्दल, पण दिली होती.

२४ नोव्हेंबर
सकाळी पाणी. दुपारी पाणी. संध्याकाळी तांदळाचं धुवण. घरकामाला येते ती बायनाबाई म्हणाली, बाई, काऊन इतकं पाणी टाकून राह्यल्या? धान लावाचं हाय का?
हसून सोडून दिलं. प्रत्येकीला नेचर स्टडी नसतो.

३ डिसेंबर, सायंकाळी ५
झाडाजवळ बसून शाळेतली इंग्रजी प्रार्थनागीतं म्हटली. संगीताने वाढ होते. ह्यांनी आत रेडिओ मोठा केला.
चार पानं गळली. गाण्यामुळे नाही.

११ डिसेंबर
तीन कांड्यांची सगळी पानं गेली. नुसत्या काड्या राहिल्या.
काळजी नाही. हे रिटायर्ड रेंजर आहेत. जन्मभर बांबूच्या कूपांवर, म्हणजे जंगलातल्या तोडीच्या पट्ट्यांवर, देखरेख केली. नियम मला पाठ आहे: बेटातला जुना बांबू तोडायचा, कोवळा राखायचा. ह्यांना विचारणार होते, पण झोपले होते. विळीने तिन्ही कांड्या कापल्या.
बायनाबाईला समजावून सांगितलं. हे झाड म्हणजे बांबूचं भावंड. बांबूला जे लागू, ते ह्याला लागू. तिचा नवरा डोमा हयातभर बांबू तोडायला जायचा, त्यामुळे तिला लगेच कळलं. शिकवण्यात एक वेगळंच सुख आहे.
उठल्यावर हे म्हणाले, बांबू हे गवत आहे, ऑर्किड गवत नाही. रिटायर झाल्यावर माणसं फार नकारात्मक होतात.

२ जानेवारी १९८६
भाचीच्या लग्नासाठी गोंडपिपरीला निघाले. महिनाभर मुक्काम. एस.टी. सुटल्यावर आठवलं, झाडाच्या पाण्याचं कुणाला सांगितलंच नाही. खिडकीशी बसून थोडं रडले.

४ फेब्रुवारी
परतले. धावत व्हरांड्यात गेले. उरलेल्या दोन कांड्याही बोडक्या झाल्यात. पण पेरांवर कळ्या. सहा!
बायनाबाई म्हणाली, म्या थेंब नाई टाकला, तुमी सांगतलंच नाई. म्हणजे नोव्हेंबरचं धुवण आत्ता लागू पडलं.
जमीलाला पत्र टाकलं: बारा कळ्या आहेत, २ मार्चला ये. सहा दिसतात, सहा आत असणारच.
फुलणार म्हटल्यावर बायनाबाईचा चेहरा उतरला. म्हणाली, असं नोका बोलू बाई. भावनाप्रधान आहे बिचारी.

७ फेब्रुवारी
पाच कळ्या.

९ फेब्रुवारी
तीन. बुलबुल असणार. ह्यांची जुनी खाकी टोपी कुंडीवर टांगली. हे दुपारभर टोपी शोधत होते.

१२ फेब्रुवारी
दोन. आता शेजारच्या बकरीवर संशय. कुंडी माझ्या डोक्याइतक्या उंचीवर टांगली आहे, पण बकऱ्या चढतात. बायनाबाईला राखणीला नेमलं. लगेच तयार झाली. म्हणाली, तुमी काळजी नोका करू, मी हाय नं. किती जीव लावते.

१३ फेब्रुवारी
एकही नाही.

२० फेब्रुवारी
तीन नव्या. देव आहे.

२१ फेब्रुवारी
तिन्ही गेल्या.
जमीलाचं पत्र आलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा मार्चला. लिहिते, डॉक्टरांच्या हाती डोळे देण्याआधी तुझी बारा फुलं पाहून घेते. दिसलं नाही तर निदान शेवटचं चांगलं काही पाहिलेलं असेल.
पत्र दोनदा वाचलं. जेवण गेलं नाही.

१ मार्च
उपाय सापडला. जांभळा क्रेप पेपर आणला. सिस्टर अगाथांनी शिकवलेली घडी हात अजून विसरले नाहीत. बारा फुलं केली आणि संध्याकाळी बायनाबाई गेल्यावर तारेने कांड्यांना बांधली. लबाडी नाही. येणाऱ्या फुलांची आगाऊ प्रत. शिवाय जमीलाला मोतीबिंदू आहे.

२ मार्च, रविवार
अकराच्या गाडीने जमीला आली. हात धरून तिला व्हरांड्यात नेलं. म्हटलं, बघ.
दोन बोडक्या काड्या.
तेवढ्यात बायनाबाई पदर गच्च धरून स्वयंपाकघरातून आली आणि तो माझ्यापुढे उघडला. बाराही फुलं. म्हणाली, बाई, मी होती म्हणून वाचलं तुमचं झाड. एका रातीत बारा फुटले. बांबू फुलला का बेट मरते, मंग उंदरं होतेत, मंग दुष्काळ पडते. तुमीच तं सांगतलं, हे बांबूचं भावंड हाय. महिनाभर कळ्या खुडून राह्यली मी. तुमी इतक्या मायेनं पाणी टाकता, मी त्याले मरू कशी देऊ?
जमीलाने एक फूल डोळ्याजवळ नेलं. म्हणाली, क्रेप पेपर. अगाथाची घडी. मग पायरीवर बसून इतकी हसली की चष्मा काढावा लागला.
चष्मा पुसून विचारलं, चिठ्ठी वाचली होतीस? प्रार्थनेचं पुस्तक आणलं. ते जूनपासून उघडलं नव्हतं, हे ह्यांनी उगाच बोलून दाखवलं. मलाच मोठ्याने वाचायला लावलं: दिवाळीपासून होळीपर्यंत पाणी जवळजवळ नको. पानं गळतील, घाबरू नकोस. बोडक्या कांड्या कापू नकोस, फुलं त्यांच्यावरच येतात. आणि कृपा करून फार माया करू नकोस.
जमीलाने कुंडी उतरवून बायनाबाईच्या हातात दिली. म्हणाली, महिनाभरात हिने एक कळी चुकवली नाही, असं लक्ष पाहिजे. हे झाड फुलून मरत नाही, हे तिला तीनदा समजावलं. मला रविवारी पाहायला जाता येईल. हात न लावण्याच्या अटीवर.
जाताना जमीलाने एक कागदी फूल पर्समध्ये ठेवलं. म्हणाली, पुढच्या वर्षी नव्या डोळ्यांनी खरी बघीन.

८ मार्च १९८७, रविवार
जमीलाबरोबर बायनाबाईच्या अंगणात. जाड भिंगांचा नवा चष्मा लावून जमीला बाजेवर बसून एकेक फूल न्याहाळत होती. कुंडी बोरीला टांगलेली. पानं नाहीत, नुसती फुलं. पाया माझाच, हे कुणी म्हटलं नाही. मी मोजायला म्हणून जरा पुढे वाकले.
बायनाबाई म्हणाली, बाई, दुरूनच मोजा.
एकोणीस.