स्मिजनची चिठ्ठी

इस्त्री उचलली तेव्हा चिठ्ठीची वरची कड तपकिरी झाली होती, अण्णा. घड्या मोडायच्या होत्या, म्हणून तिसऱ्यांदा फिरवली. चतकोर कागद, तुमची निळी शाई, डावीकडे कललेलं अक्षर. उद्या सकाळी ती येणार आहे, शाळेत माझ्या वर्गात होती ती. फोनवर म्हणाली, "सरांच्या हातचं काही असंल तर दे बाई. अक्षर बघू वाटतंय." चिठ्ठी तिचीच आहे. तुम्ही तिच्यासाठी लिहिली आणि पोचवायला माझ्याकडे दिली. पन्नास वर्षं झाली, ती माझ्या कंपासपेटीत आहे.

लोह्याची शाळा, दुष्काळाचं दुसरं वर्ष. दुपारच्या सुट्टीत परदेशी भुकटीचं दूध मिळायचं. पाणी नसलं की भुकटी कोरडीच तळहातावर घ्यायची आणि चाटायची. ती टाळूला चिकटून बसायची आणि इंग्रजीच्या तासाला कोणाला धड उच्चार करता यायचा नाही. पोत्यांसोबत एक इंग्रजी पत्रक आलं होतं, भुकटीचे पदार्थ कसे करावेत याचं. वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तुम्ही तेच वर्गात घेतलंत. तिचे आईवडील खडी फोडायला जायचे. ती आमच्याच गल्लीतली, माझ्याच बाकावरची. तिनं मिठाच्या ओळीवर बोट ठेवलं. "सर, ह्ये स्मिजन म्हंजे काय हो?" तुम्ही कागद डोळ्यांजवळ नेलात, मग लांब धरलात. "मला माहीत नाही," म्हणालात. मागून कोणीतरी हसलं. माझ्या वडिलांना एखादी गोष्ट येत नाही, हे मला तिच्यामुळे कळलं.

घरच्या कोशात शब्द सापडला नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर नांदेडला जायचं ठरलं. तिथे कॉलेजात तुमचे एक मित्र होते, ते मोठा कोश उघडून देणार होते. मी दिवाळीचा परकर घालून दारात उभी राहिले. तुम्ही तिला घेऊन निघालात. "प्रश्न तिचा आहे," आईला म्हणालात. आई माझ्याकडे बघत म्हणाली, "आन् ही पोरगी कोनाची हाय?" तुम्ही पिशवी उचललीत. मी टँकरच्या रांगेत उभी आहे, परकर बदललेला नाही, पायाशी दोन घागरी, आणि तुमची एसटी रांगेजवळून जाते. ती खिडकीतून हात करते. मी एक घागर उचलून कडेवर घेते, म्हणजे हात करावा लागत नाही.

संध्याकाळी परत आलात ते चुलीपाशीच बसलात. आईला सांगत होतात, "चिमटीपेक्षाही कमी. पडलं तर कळत नाही, नाही पडलं तर कळतं."

"मंग उलसं म्हणा की," आई म्हणाली. "तेवढ्यासाठी तिकीट काढून नांदेडला गेलात?"

तुम्ही इतके हसलात की ठसका लागला. मग चिठ्ठी लिहिलीत. वर फक्त 'लेकीस'. खाली: स्मिजन म्हणजे अगदी थोडं, आपल्याकडे उलसं. हा शब्द मीठ, हळद, तूप यांना लावावा. धीर, लाज, आशा यांनाही चालतो. घरात बोलावा, अर्जात लिहू नये. शेवटी तीन वाक्यं, पाठ करण्यासाठी. वर्गातल्या सगळ्याच मुलींना तुम्ही लेकी म्हणायचात, हे मला ठाऊक होतं. पण मला तुम्ही कधी काही लिहून दिलं नाहीत. मी घरातच होते, लिहायचं कशाला?

सोमवारी तिला वर्गात उभं केलंत. "चिठ्ठीतली वाक्यं सांग." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी दौतीकडे पाहत होते. "हरवली, सर," ती म्हणाली.

"नांदेडपर्यंत नेलं तुला. आणि एवढासा कागद सांभाळता आला नाही?"

घंटा होईपर्यंत ती उभी होती. घरी जाताना माझ्या बाजूनं चालली, काही विचारलं नाही. "टँकर आला आसंल, चल," एवढंच. तिनं माझा हात पिरगाळला असता तर मी त्याच दिवशी चिठ्ठी देऊन टाकली असती. ती माझ्यासाठी खोटं बोलली आणि तुमचा राग स्वतःवर घेतला. म्हणजे तुमचा रागही तिलाच मिळाला.

पुढे आपण लातूरला आलो. लातूर जिल्हा झाला, नवी कचेरी भरू लागली, आणि ती तिथे नोकरीला लागली. पेढे घेऊन आली तेव्हा तुम्ही शेजाऱ्यांना हाक मारून बोलावलंत. "ही आमची लेक. हिचं इंग्रजी ऐका." मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. इंग्रजीत एम.ए. मीही झाले होते, त्याच उन्हाळ्यात. तुम्ही 'छान' म्हणाला होतात.

चिठ्ठी तुम्हाला दाखवावी असं शेवटच्या आजारपणात दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा तुम्ही तिचीच चौकशी केलीत.

आता एकच सांगायचं राहिलं. इस्त्री चुकून लागली नाही. 'लेकीस' नेमकं त्या कडेला आहे. तिथे मी हात थांबवला, वास येईपर्यंत.

सकाळी नऊला ती आली. चिठ्ठी दिली. ती खिडकीशी गेली आणि कागद उजेडात धरला. मी म्हणाले, वरची ओळ गेली, इस्त्री लागली. "वाचाया येतंय की," ती म्हणाली, आणि 'लेकीस' हा करपलेला शब्द तिनं मोठ्यानं वाचला.