आसा राजाचे पाय

गुरुवार, ६ मार्च

नाही म्हणाली! सगळ्यांदेखत, अगदी शांतपणे — ताई ऑपरेशन करून घेणार नाही. का? तर आज बायबलच्या अभ्यासवर्गात तिचं बोट आसा राजावर टेकलं!

लिहून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही. सर्जननी सोमवारीच स्पष्ट सांगितलं होतं. साखरेमुळे पायाचा अंगठा काळा पडलाय. तेवढा काढला तर पाय वाचेल, चालढकल केली तर पुढे गुडघ्याची भाषा करावी लागेल. ताई मान हलवत होती. मला वाटलं, पटलं तिला.

आणि आज विमेवाल्यांनी शेवटी नेहमीसारखं 'बोट टेकवणं' घेतलं. विमेवाले म्हणजे आमच्या गुरुवारच्या वर्गाचे पुढारी. दिवसा विमा विकतात, संध्याकाळी शास्त्र समजावतात. ज्याच्यावर संकट आहे त्यानं पवित्र शास्त्र मधूनच उघडायचं, न बघता बोट टेकवायचं, बाकीच्यांनीही डोळे मिटून प्रार्थना करायची. जी ओळ येईल ते देवाचं उत्तर. ताईनं उघडलं. विमेवाल्यांनी बोटाखालची ओळ घोळवून घोळवून वाचली — आसा राजाच्या पायांना भारी रोग लागला, पण तो देवाकडे न जाता वैद्यांकडे गेला. आणि पुढे मेला.

पायांचाच रोग! मग एकेकाचं 'आमेन'. देवानं याहून स्पष्ट काय बोलावं, असं विमेवाले म्हणाले. मी म्हटलं, मग डॉक्टर कुणी निर्माण केले? ते नुसते हसले. त्या हसण्याची मला भयंकर चीड आहे.

शुक्रवार, ७ मार्च

दुकानात डोकं ठिकाणावर नव्हतं. एका बाईंना खोक्यात दोन्ही डाव्या पायाचे बूट बांधून दिले. परत आल्या तेव्हा त्याच हसल्या.

सारा जन्म लोकांचे पाय हातात घेऊन मापं काढण्यात गेला. ताईचा अंगठाही आधी मीच पाहिला, तिला मऊ तळाचे बूट घालून बघताना. मी दाबून पाहिलं तरी तिला काही कळलं नाही. दुखत नाही म्हणून ती खूश, पण नेमकं तेच वाईट!

शनिवार, ८ मार्च

ताईकडे गेले. पाय स्टुलावर, त्यावर धुवट फडकं झाकलेलं. मी तोंड उघडायच्या आतच म्हणाली, "वाद घालू नकोस. उत्तर आलंय."

मी विचारलं, विमेवाल्यांनी गेल्या वर्षी मोतिबिंदू काढून घेतला तेव्हा कुठे गेला होता तुमचा आसा? म्हणे डोळ्यांचं वेगळं. कसं वेगळं? डोळे काय दुसऱ्या कुणी दिलेत? आणि हा गृहस्थ आरोग्यविमा विकतो! वर्गातल्या निम्म्या लोकांच्या पॉलिसी त्यानंच उतरवल्यात, आणि माझ्या बहिणीला सांगतो की वैद्याकडे जाणं म्हणजे अविश्वास!

ताईनं विषय बदलला. भाच्याचा फोन आला होता का असं मी विचारलं, तर त्याला काही कळवायचं नाही म्हणाली. उगाच परदेशातून धावत येईल. तिच्याशी भांडणं म्हणजे उशीशी भांडणं, कितीही गुद्दे मारा, आवाज म्हणून येत नाही.

रविवार, ९ मार्च

चर्चमधली उपासना सुटल्यावर पाळकांना दारातच गाठलं. माणूस भला, पण कुणाला दुखवायचं म्हटलं की यांना घाम फुटतो. दोन्ही बाजूंनी प्रार्थनापूर्वक विचार व्हावा म्हणाले. दोन्ही बाजू! सडलेल्या अंगठ्याची दुसरी बाजू कोणती, तेवढी दाखवा म्हटलं. त्यांना तेवढ्यात कुणीतरी हाक मारली.

घरी आले आणि बायबलमधल्या 'दुसरा इतिहास' या पुस्तकाचा तो आसाचा सोळावा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. लहानपणी बाबा 'राजे' आणि 'इतिहास' ही पुस्तकं एक नाव न गाळता मोठ्यानं वाचायचे. मी पेंगायचे. ताई टक्क जागी असायची, पुढचा राजा कोण ते बाबांच्या आधी सांगायची.

वाचलं आणि उठून उभीच राहिले. आसाचं पाप औषधपाणी नाहीच मुळी! शत्रू दारात आला तेव्हा देवावर भरवसा टाकायचा सोडून त्यानं मंदिरातलं सोनं-चांदी काढून परक्या राजाला दिलं. एका द्रष्ट्यानं तोंडावर सांगितलं, राजा, चुकलास. तर राजानं त्यालाच कैदेत घातलं! पायाचा रोग त्यानंतरचा. तोपर्यंत त्यानं देवाकडे पाठच फिरवली होती, वैद्य हे त्याचंच शेवटचं टोक. आणि विमेवाले नेमकं तेवढंच टोक उचलतात! आपल्या पत्रातली मधलीच एक ओळ कुणी चौकात वाचली तर आपल्याला चालेल का? मग देवाचीच का चालते?

मंगळवार, ११ मार्च

पट्टी बदलायला येणाऱ्या नर्सनं मला बाहेर बोलावलं. लाली घोट्याकडे सरकतेय. शनिवारपर्यंत ऑपरेशन, नाहीतर त्या अंगठ्यावर भागणार नाही.

मला वास आला होता. ताईला आला नसेल का?

गुरुवार, १३ मार्च

हाकलली मला! सविस्तर लिहिते.

आज वाचनाची पाळी माझी होती. नेमून दिलेला भाग बाजूला ठेवला आणि सरळ सोळावा अध्याय वाचायला लागले. विमेवाल्यांनी दोनदा खाकरून पाहिलं. मी थांबले नाही. सोनं, परका राजा, द्रष्टा, कैद — सगळं वाचलं, आणि विचारलं की आसाला रोग झाला तो खरं बोलणाऱ्याला कोंडल्यावर, हे गेल्या गुरुवारी का वाचलं नाही? वैद्याकडे जाताना देवाचं नाव घ्यायला ताईला कुणी अडवलंय? रुमाल, चष्मा, काय हाताला येईल ते चाचपत होते सगळे. एका आजींनी मात्र पान उलटून खरोखर वरच्या ओळी पाहिल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, आहे की असं."

विमेवाल्यांचे कान लाल झाले. पण आवाज तोच, लोण्यासारखा. "भगिनी, तुमच्या मनात राग आहे. रागावलेल्या मनाला वचन उलगडत नाही. काही दिवस तुम्ही वर्गाला आला नाहीत तर बरं."

म्हणजे आसानं केलं तेच! मी हे बोलूनही दाखवलं.

सगळ्यात लागलं ते हे, की ताई शेजारी बसली होती, मान खाली घालून. माझ्या बाजूनं एक शब्द नाही. मी चप्पल घालून निघाले तेव्हाही वर पाहिलं नाही. इतकी वर्षं एका बाकावर बसलो आम्ही दोघी. आता तिच्याकडे जायचंच नाही, असं रस्ताभर घोकत आले. पण शनिवार परवावर आलाय. जाणार. न जाऊन सांगते कुणाला!

शुक्रवार, १४ मार्च

दार तिनंच उघडलं, लंगडत. मी विमेवाल्यांवर सुरू होणार तोच म्हणाली, "त्यांना नको बोलूस. बोट आपोआप टेकलंच नव्हतं. मी पान शोधून ठेवलं होतं."

ती ओळ तिला बाबांच्या तोंडून लहानपणापासून पाठ. आई अशीच आपल्या पायांनी चालत ऑपरेशनला गेली होती, आणि भुलेतून उठलीच नाही. भीती वाटते असं कुणाला सांगायची तिला लाज वाटली. आणि आठवडाभर आसा राजाची चौकशी करत फिरले मी — तिची केलीच नाही. बोट टेकवताना सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. माझेही.

मी तिचा हात धरला. मग तिनं विचारलं,

"अंगठा नसला तर बूट पायात राहतो का गं?"

राहतो म्हटलं. पुढे कापूस भरून मी स्वतः बसवून देईन.

"मग उद्या दवाखान्यात चल माझ्याबरोबर. ऑपरेशनच्या दारापर्यंत."