पोफळ मोडली तेव्हा

कुलदीप,

काल होळीसाठी पोफळ तोडायला अख्खा गाव वाडीत गेला होता. मुंबईच्या क्लबकडून खेळलेला माणूस म्हणून शेवटचा घाव घालायचा मान मला दिला. खोड कडाडून मोडलं आणि माझ्या हातातली कुऱ्हाड गळून पडली.

"नामाचा गुडघा दुखतोय, बसू द्या त्याला," कोणीतरी म्हणालं. मी बसलो. गुडघ्याला काहीसुद्धा झालेलं नाही.

तुझी नडगी मोडली तेव्हा असाच आवाज आला होता. फुटबॉल सोडून नऊ वर्षं झाली, तरी नुसती झावळी पडली की मी दचकतो. माझी बायको सगुणा माझ्यासमोर चुलीसाठी लाकूड मोडत नाही. का, ते तिने कधी विचारलं नाही.

तो साधा सरावाचा सामना होता. पुढच्या हंगामासाठी क्लब आपल्या दोघांपैकी एकालाच ठेवणार होता. तरी हॉस्पिटलात तू क्लबच्या साहेबांना सांगितलंस, "नामा चेंडूवरच गेला व्हता. त्याची चूक न्हाय." त्यानंतर मी सहा वर्षं खेळलो. तू पुन्हा बूट घातले नाहीस.

आज संध्याकाळी दर शिमग्यासारखा तुझा फोन येईल. "बरा हायस ना?" विचारशील. मी हो म्हणेन, आणि हे पत्र आधीच्या पत्रांवर ट्रंकेत पडेल.

तुझी नजर चेंडूवर होती, म्हणून माझीही तिथेच असेल असं तुला वाटलं. मी तुझा पाय बघत होतो.

तुझा,
नामा