कारण सांगायचं नाही

४ मार्च
स्पॅनिशच्या बाईंची पद्धत अजब! चित्रांची गड्डी. समोरच्याने चित्र दाखवायचं, आपण म्हणायचं ‘मे गुस्ता’, मला आवडतं. किंवा ‘नो मे गुस्ता’, मला नाही आवडत. बस. कारण सांगायचं नाही. कुणी सांगू लागलं की बाई चित्र पालथं घालतात.
मी कारखान्यात यंत्रं तपासते. ‘नापास’ लिहिलं की खाली कारण लिहावंच लागतं. हा काय पोरखेळ!
व्याकरण मात्र ओळखीचं. ‘मे’ म्हणजे ‘मला’; आपल्यासारखं ‘मला’ त्यांनाही लागतं.

५ मार्च
सरावाला आईला बसवलं. बाईंनी दिलेली गड्डी माझ्या हातात.
मांजर? ‘तुझ्या बाबांना खपत नाही.’
समुद्र? ‘दादाला फार आवडायचा, लहानपणी.’
चहा? ‘उरेल तो चालतो.’
अगं, तुला विचारतेय. तुला! — ‘ओरडतेस काय? मला काहीही चालतं.’
मग चष्म्याचं चित्र आलं. ‘मे गुस्ता!’ ताडकन. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते ती, माझ्या जन्माआधीपासून.

८ मार्च
संताप!
जेवताना बाबांनी जाहीर केलं, आईने महिनाअखेर दुकान सोडायचं. वहिनीची रजा संपतेय, बाळाला कोण बघणार? दादा लगेच, ‘आईला आवडेलच की!’ आवडेलच? विचारलं कुणी? वहिनी ताटातून मान वर करेना.
आई म्हणाली, ‘चालेल.’ आणि पाण्याचा तांब्या भरायला उठली.
रिकामा नव्हता तो.

९ मार्च
आज आईवरच तुटून पडले. ‘मूग गिळून काय बसतेस?’
ती स्वतःचा चष्मा पुसत राहिली. मग शांतपणे, ‘आणि तू गं? सहा महिने परदेशातल्या कारखान्यात जा म्हणाले साहेब, म्हणून ही भाषा शिकतेस ना? तू काय म्हणालीस त्यांना?’
मी ‘चालेल’ म्हणाले होते.
भयंकर राग आला. तिचं खरं होतं, म्हणून जास्त.

१२ मार्च
गड्डी हरवली म्हणून घर उलथंपालथं केलं. आईच्या कामाच्या पिशवीत निघाली, डब्याखाली. होती तशी ठेवली.

१५ मार्च
संध्याकाळी दादा आला. ‘आई, तुझ्या मालकांना मीच सांगून टाकतो. तुला संकोच वाटेल.’ काय हा उपकार! फोन कानाला लावलासुद्धा.
आई म्हणाली, ‘नो मे गुस्ता.’
दादाने फोन खाली घेतला. बाबा माझ्याकडे वळले. ‘काय म्हणतेय ही?’
मी भाषांतर केलं नाही. आईनेच केलं. ‘मला’वर जोर देऊन.
‘अगं, पण कारण काय?’
‘कारण सांगायचं नसतं,’ आई म्हणाली.

१६ मार्च
आई दुकानात गेली. मी साहेबांची वेळ मागितली आहे.