उलटा बाण आणि बारा पंखे

वारजे, गुरुवार

ती. श्रीधरमामांस,

सौमित्रचा साष्टांग नमस्कार (खुर्चीत बसूनच, पण मनापासून). तुमचा गुडघा कसा आहे? मामीच्या लोणच्याची बरणी माझ्याकडे सुखरूप आहे, रिकामी. वारज्याहून बिबवेवाडीला पत्र कशाला, असं विचाराल. फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून.

तुमच्या शब्दावर सुनीती मॅडमनी मला सहा महिने ठेवून घेतलं. ते सोमवारी संपतात, आणि पुढे ठेवायचं की नाही ते त्याच दिवशी ठरणार. आमचं काम असं, की वारा वाटेल तेव्हा येतो (माझ्यासारखाच), त्यामुळे पवनचक्क्यांची वीज लाइनीत कधी उसळते, कधी बसते. ती सावरणारं यंत्र आम्ही बसवतो, पण आधी आठवडाभर मोजमाप. साताऱ्यापलीकडे एका पठारावर अशा बारा चक्क्या आहेत. योगेशनं (आमचा इंजिनिअर, हिंजवडीत राहतो, त्यामुळे जन्मभर घाईत) मला त्यांची वीज मोजायचे तीन चिमटे दिले. केबलला लावायचे, चिमट्यावरचा बाण लाइनीकडे. एवढंच. लावणार तोच टपरीवाल्या दुर्गाबाईंनी हाक मारली, "वारं सुटलं की माझा बल्ब डोळा मारतोय, ह्या वयात बरं दिसतं का?" प्रश्न मला फार गंभीर वाटला. मग चहा, मग भजी, मग त्यांच्या जावयाची गोष्ट (ती भेटल्यावर सांगतो). परत येऊन तिन्ही चिमटे एका रांगेत लावले. इतके छान दिसले की सोबत माझाही फोटो काढला.

आठवड्यानं आलेख बघितला तर वीज उलटी. वारा जितका जोरात, तितक्या चक्क्या वीज खातायत. योगेश म्हणाला, "म्हणजे बारा पंखे लावून आपण साताऱ्याला वारा घालतोय." दोन दिवस शिकलेली माणसं फळ्यावर कारणं लिहीत होती आणि मी (दहावीला विज्ञानात काठावर) मान डोलवत होतो. मग शेजारच्या टेबलावरच्या तनयाला दाखवायला तो फोटो उघडला. माझ्या हसऱ्या दातांशेजारी तिन्ही बाण चक्क्यांकडे.

सांगू की नको, यात दोन वडापाव संपले. शेवटी मॅडमना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसला. "आपण रस्त्यावरचे बाण तरी बघता का?" (मॅडम 'आपण' म्हणाल्या की समजायचं.) योगेशनं कॉम्प्युटरवर एक चिन्ह बदललं आणि सगळा आलेख सरळ झाला, दुर्गाबाईंच्या बल्बाच्या प्रत्येक डोळा मारण्यासकट. फळा पुसायचं काम मला मिळालं.

मामीला नमस्कार.
आपला भाचा,
सौमित्र

ता.क. सोमवारी मॅडम तुम्हाला माझ्याबद्दल फोन करणार आहेत. "पोरगा चुकतो, पण स्वतःहून कबूल करतो," एवढंच सांगा. गीझर उघडल्याची गोष्ट नको.

ता.क. २ कबुलीवरून आठवलं. तुमच्या गच्चीवरच्या सोलरला मोजणीचा चिमटा दिवाळीत मीच लावला होता. तेव्हापासून तुमच्या मोबाइलवर ते सोलर भर दुपारी वीज खाताना दिसतं, आणि त्या सोलरवाल्याला तुम्ही सहा तक्रारपत्रं लिहिलीत. सातवं धाडू नका. रविवारी येतो. बाण बघायला शिडीवर चढू नका, गुडघा सांभाळा. आणि मॅडमनी विचारलंच, तर हा दुसरा ता.क. तुम्हाला अजून मिळालेला नाही.